वाक्यांच्या चोवीस खणांची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी टंकलेखन आणि लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून देणे, सध्या काही नाही, राहणार वरच्या मजल्यावरील दोन खोल्या, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची या कामात गरज नाही. मला हे लिहायला कोणी बसवलेले नाही. आसपासचे लोक मला पत्रमावशी म्हणतात, आणि कागदोपत्री नावापेक्षा मी त्याच नावाला लवकर ओ देते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मनातल्या मनात पुष्कळदा केले, ती सगळी रद्द समजावीत.

डोके ठिकाणावर असल्याबद्दल खालच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी आधी इंग्रजीत लिहून दिले, ‘शी वॉज फाउंड टु बी ऑफ साउंड माइंड’. मी तो कागद परत पाठवला. म्हटले, ‘शुद्धीवर आढळली’ म्हणजे कोणाला आढळली? वाटेत सापडले का मी कोणाला? डॉक्टर स्वतः जिना चढून आले, हसले, आणि माझ्यासमोर बसून दुसरा लिहिला: ‘आय एक्झामिन्ड हर. शी इज ऑफ साउंड माइंड.’ दुसराच दाखला ग्राह्य धरावा.

हे मी दुपारी लिहिते. जेवण झाले की खिडकीतले ऊन कपाटाच्या पितळी मुठींवर येते आणि एकेका खणावरून पुढे सरकत जाते. त्या वेळी मला डुलकी लागते. डुलकीत वाक्ये ऐकू येत नाहीत, दिसतात. मग जागी होऊन पुढचे कलम लिहिते. अक्षर कुठे वाकडे दिसले तर दबाव समजू नये, झोप समजावी.

कलम १. घर.

दोन खोल्या, पुढची गॅलरी आणि मोरी माझ्या एकटीच्या नावावर आहेत. मी लग्न केले नाही. हे सगळे माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. ती याच मजल्यावर गॅलरीपलीकडच्या खोलीत राहते. तिला चार पावले चालावी लागतील.

(हे कलम पुढे बदलले आहे, कलम ८ पाहावे. खोडलेले नाही. खोडले की आधी काय मनात होते ते कळत नाही.)

कलम २. लाकडी सामान.

हातांची खुर्ची मला खालच्या वकीलबाईंना द्यायची होती, त्यांची पाठ दुखते. त्या म्हणाल्या, “मावशी, मी साक्षीदार म्हणून सही करणार आहे. साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही.” म्हणून खुर्ची आजच त्यांच्या घरी पोचवली. ती आता माझी नाही, सबब तिच्याबद्दल काही लिहीत नाही. हे मी स्टुलावर बसून लिहिते आहे.

पलंग, टेबल, भांडी, गाद्या: ज्याला लागेल त्याने न्यावे, भांडू नये.

कलम ३. टाइपरायटर.

तो मशीन दुरुस्त करणाऱ्याला द्यावा. पस्तीस वर्षे त्याने त्याच्या मुठीएवढ्या पितळी कुपीतून त्यात तेल घातले आणि दर वेळी बजावले, “मावशी, जरा हळू. तो तुमचा वैरी नाही.” छोटा ‘ई’ झिजला आहे हे त्याला ठाऊक आहे.

कलम ४. कपाट आणि त्यातली वाक्ये.

ही माझी खरी मिळकत. एक वाचनालय बंद पडले तेव्हा कार्डांचे कपाट मी हातगाडीवरून घरी आणले. चोवीस खण आहेत. आत इंग्रजी वाक्यांची कार्डे आहेत, मोजलेली नाहीत. पुस्तकातले एकही वाक्य नाही. सगळी रोजच्या लिहिण्यातली: औषधाच्या बाटलीवरची, शाळेच्या चिठ्ठीतली, वीज कंपनीच्या नोटिशीतली, जिन्यात चिकटवलेली, राजीनाम्यातली, परक्या मुलखात गेलेल्या मुलांना लिहिलेली. शब्दांप्रमाणे लावलेली नाहीत, ठेवणीप्रमाणे लावली आहेत.

हा नाद कसा लागला ते सांगितले पाहिजे, नाहीतर कपाट उघडणाऱ्याला वाटेल बाईला वेड होते.

माझे वडील एका सहा मजली कचेरीत लिफ्ट चालवायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हते, पण ते दिवसभर इंग्रजीच्या आतून वर-खाली जात. संध्याकाळी कचेरीतले टाकाऊ पाठकोरे कागद घरी आणत. मागच्या बाजूला मी गणिते करायची. पुढच्या बाजूला ती वाक्ये असत, जांभळ्या शाईत, कडेला थोडी पसरलेली. अर्थ लागत नसे. आई शिवणकाम करायची. तिच्या कात्रीने मी ती वाक्ये कापायची आणि फरशीवर मांडायची. धाकटी तेव्हा पाच वर्षांची, ती शेजारी बसून फुंकर मारून उडवायची.

एकदा मांडता मांडता मला दिसले की शब्द निराळे आहेत, पण वाक्य तेच आहे. आईकडे बाहीचा एक कागदी साचा होता. त्यावरून ती हवी तितकी माणसे झाकायची, साचा तोच. तसे. मी ओरडले, “आई, ही सगळी एकाच बाहीची आहेत!” आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने नुसती मान हलवली. वडील मात्र उकिडवे बसले आणि बराच वेळ फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “रोज नेतो मी ह्यांना वर. कधी लक्षात नाही आलं.”

पुढे एकोणिसाव्या वर्षी मी कापड रंगवण्याच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. त्याला सगळे रंगखाना म्हणत. माझ्या टेबलासमोर काचेची खिडकी होती आणि काचेपलीकडे मोठे हौद, वाफ, आणि वाफेत तरंगणारी माणसे. निळ्याच्या दिवशी सगळे निळे दिसे, लालच्या दिवशी हेडक्लार्कची पांढरी मिशीसुद्धा गुलाबी. तिथल्या वासाने झोप आल्यासारखे व्हायचे. हेडक्लार्क माझे गुरू. त्यांनी टिपकागदावर पाच ओळी लिहून दिल्या आणि म्हणाले, “मुली, रोजचं लिहिण्याचं इंग्रजी म्हणजे हे पाच साचे. बाकी सगळी शिलाई.”

बर्ड्स फ्लाय. कर्ता आणि क्रिया, झाले वाक्य.

शी इज अ टायपिस्ट. कोण आहे, काय आहे.

ही ओपन्ड द डोअर. कोणी केले, कशाला केले.

शी गेव्ह हिम अ लेटर. कोणी, कोणाला, काय.

दे मेड हिम मॅनेजर. कोणी, कोणाला, काय करून ठेवले.

आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. सगळे आत आल्यावर दार लावून घेणाऱ्या माणसासारखे. तोवर सगळे वाट बघत बसलेले असतात, आणि कधी कधी ते येतच नाही, तरी बोलणे समजते. इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येते. काय झाले ते आधी कळते, कशाचे झाले ते मागाहून. मला हे पहिल्यांदा नीट समजले तेव्हा मी काचेतून हौदांकडे बघत होते आणि वाटले, वाफेतून एक माणूस येतोय, त्याच्या मागून त्याचे काम येतेय, आणि त्याच्या मागून ती वस्तू, ओली, रंगीत, निथळत. अजून डुलकीत तेच दिसते.

चौथ्या खणात ‘देअर’ आणि ‘इट’ची वाक्ये आहेत. ‘देअर इज अ लेटर फॉर यू.’ ‘इट इज गेटिंग कोल्ड.’ इथे कर्त्याच्या जागी कोणीच नसते, नुसती खुर्ची धरून ठेवलेली असते. हा खण मला पूर्वी फार आवडायचा.

अकराव्या खणात एका म्हाताऱ्याचे पत्र आहे. त्याने मुलाला पाठवायला माझ्याकडून लिहून घेतले: ‘आय ॲम फाइन. द रूफ इज फाइन. द डॉग इज ओल्ड.’ मी विचारले, “आणखी काही?” तो म्हणाला, “एवढ्यात सगळं आलं की.” तीन वाक्ये, एकच साचा. मी नक्कल ठेवली. नक्कल ठेवताना त्याला विचारले नव्हते, तेवढी चोरी माझ्या नावावर मांडावी.

त्याच खणात मागे ‘आय मिस यू’ असे कार्ड आहे. एक बाई नवऱ्याला लिहायला आली होती, ‘तुझी आठवण येते’. मी तिला सांगितले, बाई, आपल्याकडे आठवण आपली आपण येते, आपल्याला काही करावे लागत नाही. इंग्रजीत तसे नाही, तिथे ते तुम्हाला करावे लागते. तिने जरा विचार केला. म्हणाली, “मग बरोबर आहे. मीच करते. रोज करते. तसंच लिहा.”

कपाट, खण, कार्डे, टिपकागद, सर्व भाचीला द्यावे. भाची म्हणजे धाकटीची मुलगी, वय चव्वेचाळीस. फोनच्या पडद्यावर जी इंग्रजी वाक्ये येतात ती लिहिण्याची तिची नोकरी आहे. दर रविवारी येते आणि माझी बोलणी खाते. ‘समथिंग वेंट राँग’ हे वाक्य तिच्या कंपनीचे आहे. मी म्हटले, “हे समथिंग कोण? त्याला कामावरून काढत का नाही?” ती म्हणाली, “मावशी, तोच सगळ्यात जुना कर्मचारी आहे.” या उत्तरासाठी कपाट तिचे.

कलम ५. एक जुना हिशेब.

रंगखाना सोडल्यावर मी नोंदणी कार्यालयासमोर झाडाखाली टेबल टाकले आणि पस्तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. दोन नंबरच्या खिडकीवरचे कारकून माझे अर्ज परत करायचे. म्हणायचे, “भाषा कार्यालयीन नाही.” कारण माझ्या प्रत्येक वाक्यात कोणीतरी असायचे. ‘अर्ज नामंजूर करण्यात आला’ याच्या जागी मी ‘आपण माझा अर्ज नामंजूर केलात’ असे इंग्रजीत लिहायची. ते चिडायचे. “बाई, मी कुठे केला? तो झाला!”

ते आता निवृत्त आहेत आणि बागेत एकटेच बाकावर बसतात. त्यांना माझी छत्री द्यावी. त्यांच्याकडे नाही, मी पाहिले आहे.

कलम ६. हे कलम मी तीन दुपारी टाळले.

धाकटीचे लग्न रंगखान्यातल्याच बॉयलरवाल्याशी झाले. जमवले मीच. मेहुणे अबोल, कामाला चोख, चालताना शीळ घालायचे. लग्नाला वर्ष झाले नव्हते. मी सव्वीस वर्षांची होते, धाकटी बावीसची.

त्या दिवशी सकाळी मेहुणे तीन नंबरच्या रिकाम्या हौदात उतरून तळाची नळी साफ करत होते. पाठ व्हॉल्व्हकडे होती. माल उशिरा चालला होता. मॅनेजर आले, त्यांना वाटले माणूस बाहेर आला, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वाफेचा व्हॉल्व्ह उघडला. मेहुण्यांनी तोंड झाकले म्हणून डोळे वाचले. हात गेले. म्हणजे राहिले, पण बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत.

दुपारी मॅनेजरांनी मला आत बोलावले. कारखान्यांच्या सरकारी तपासणी कार्यालयाला अहवाल पाठवायचा होता. ते घामाने ओले झाले होते. म्हणाले, “मीच उघडला गं. मला वाटलं तो वर आला.” रुमालाने मान पुसली. मग म्हणाले, “हे लिहायचं नाही. कोणाचंच नाव येणार नाही असं वाक्य असतं का?”

त्यांनी मला धमकी दिली नाही. नोकरीचे नाव काढले नाही. इथे खोटे लिहिणार नाही. त्यांनी विचारले, आणि मला येत होते. दवाखान्यात मेहुण्यांचे हात पट्ट्यांत बांधले जात होते आणि मी मान वर करून म्हटले, “असतं, साहेब.” एका दमात टाइप केले: ‘इट इज रिग्रेटेड दॅट द व्हॉल्व्ह वॉज फाउंड ओपन.’ पुढे रिकामी खुर्ची, मागे कर्ता नाही. खेद आहे, पण कोणाला आहे ते नाही. उघडा सापडला, पण कोणी उघडला ते नाही. मॅनेजरांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, “वा.” ते ‘वा’ ऐकून मला बरे वाटले. हे कागदावर राहावे म्हणून लिहिते. मला बरे वाटले होते.

दीड महिन्याने तपासणी कार्यालयाचे पत्र मेहुण्यांच्या नावाने घरी आले. धाकटी ते घेऊन माझ्याकडे आली, कारण घरात इंग्रजी मलाच यायचे. मेहुणे खुर्चीत, हात उशीवर. ती म्हणाली, “ताई, वाचून दाखव.”

आत माझेच वाक्य होते, त्यांच्या शिक्क्याखाली. मी मराठीत सांगितले, “व्हॉल्व्ह उघडा आढळला.”

“पण उघडला कोणी?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“असं कसं? इंग्रजीत माणूस लिहीत नाहीत का?”

मी म्हटले, “सरकारी इंग्रजीत असंच लिहितात.”

मेहुण्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. म्हणाले, “मीच नीट बंद केला नसेन गं. दुसरं कोण होतं तिथं?”

मी पत्राची घडी घातली आणि ते पाकिटात परत सरकवले.

चार महिन्यांनी नोकरी सोडली. राजीनामा दोन शब्दांचा होता, ‘आय रिझाइन’. पण मेहुण्यांना बॉयलरवर पुन्हा कोणी ठेवले नाही. निष्काळजी माणूस, असे नाव पडले. पुढे ते एका शाळेच्या फाटकावर बसायचे. शीळ थांबली. सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी सांगितले नाही. आधी भीती होती, मग सवय झाली, मग ते इतके म्हातारे दिसायला लागले की वाटले आता कशाला. ही तिन्ही कारणे सारखीच आहेत.

माझ्यामागे हे कलम धाकटीला वाचून दाखवावे.

कलम ७. वरील कलमाबाबत.

मध्ये तीन आठवडे गेले आहेत. झाले ते असे.

कलम ६ पर्यंतचा मजकूर मी वकीलबाईंना तपासायला दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही. म्हणाल्या, “मावशी, कायद्याने काही अडत नाही. पण हे त्या ऐकतील तेव्हा तुम्ही कुठे असाल?”

“नसेन. म्हणून तर लिहिलंय.”

“म्हणजे पुन्हा तेच झालं. झालं ते सगळं लिहिलेलं, आणि केलं ती जागेवर नाही.”

मला राग आला. मी त्यांना खुर्ची दिली होती. कागद उचलून वर आले. जिना चढताना तीनदा थांबले, गुडघ्यांमुळे दोनदाच.

धाकटी रोज चार वाजता चहा घेऊन येते. आली. बशीत ओतून फुंकर घालत बसली. मी सुरुवात केली, “माझ्या हातून एक चूक झाली होती...”

ती म्हणाली, “कुठली? परवाचं दूध?”

तेव्हा कळले की मराठीतही लपायला पुष्कळ जागा आहे. ‘हातून झाली.’ जशी चूक हातातून घसरून पडली आणि आपण वाकून बघतोय. ‘राहून गेलं.’ ‘कप फुटला.’ मी स्टूल तिच्यासमोर ओढले आणि म्हटले, “मी केली. मी एक वाक्य लिहिलं होतं.” आणि सगळे सांगितले. तिच्याकडे बघत सांगितले. ऊन तेव्हा शेवटच्या खणाशी होते.

ती रडली नाही. बशी दोन्ही हातांत धरून बसली. मग म्हणाली, “तो नळ तपासायचा.”

“काय?”

“नळ. घरातून निघताना. मोरीतला, ओट्याचा, परत मोरीतला. जिना उतरून परत वर यायचा. बेचाळीस वर्षं. त्या तसल्या बोटांनी पिळत बसायचा. मी ओरडायचे त्याच्यावर, अरे बंद आहे, मी पाहिलंय! तो म्हणायचा, तुझ्यावर भरवसा आहे गं, माझा माझ्यावर नाही.”

बशी खाली ठेवली. कप उचलला नाही. दाराशी जाऊन म्हणाली, “किती ओरडले मी त्याला,” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी चहा आला नाही. तिसऱ्याही नाही. आठ दिवस गॅलरीत तिचे दार उघडायचे, मिटायचे, आणि मी आत स्टुलावर. दुपारी डोळा लागला की तीन नंबरचा हौद दिसे, रिकामा, तळाशी कोणीतरी शीळ घालतेय. मी वाकून हाक मारायची, तर हाकेला नाव नसे. भाची रविवारी आली, आधी आईकडे गेली, मग माझ्याकडे. दारातच उभी राहून म्हणाली, “मला आईनं सांगितलं. मी आज काही बोलणार नाहीये.” आणि खरेच काही न बोलता कपाट पुसून गेली, चोवीसही मुठी.

नवव्या दिवशी धाकटी आली. हातात शाळेची एकरेघी वही. म्हणाली, “ते वाक्य लिहून दे. जसं असायला पाहिजे होतं तसं.”

मी लिहिले: ‘द मॅनेजर ओपन्ड द व्हॉल्व्ह.’

“एवढंच?”

“एवढंच.”

“पाच शब्द?” तिने बोट ठेवून मोजले. “पाच शब्द जड झाले तुला?”

मी पेनाला टोपण लावले. 

“आता तुझं लिही.”

मी खाली लिहिले: ‘आय हिड इट.’

“यात तू कुठली?”

“पहिली. ती उभी रेघ.”

तिने त्या रेघेवर बोट ठेवले. “एवढीशी?”

“हो. एकच अक्षर आहे ते.”

तिने मला दोन्ही वाक्ये वाचायला लावली, मग स्वतः म्हणून पाहिली. ‘ओपन्ड’ तिला येईना. चार वेळा म्हटले. सत्तर वर्षांची माझी बहीण, जी लहानपणी फुंकर मारून माझी वाक्ये उडवायची, ती वहीवर वाकून इंग्रजीतला भूतकाळ घोकत होती. मी विचारले, “मला माफ करशील?” ती म्हणाली, “माहीत नाही. रोज विचारू नकोस.” वहीचे पान फाडून नेले आणि मेहुण्यांच्या लोखंडी पेटीत, त्यांच्या हातांच्या तपासणीच्या कागदांवर ठेवले. तपासणी कार्यालयालाही मी माझ्या सहीने लिहिले आहे. पोच आली, ‘युअर लेटर हॅज बीन रिसीव्ह्ड’. कोणाला मिळाले ते लिहिलेले नाही. ते कार्ड मी भाचीसाठी चौथ्या खणात ठेवले आहे. तिने हवे तर दुसरीकडे लावावे.

कलम ६ रद्द नाही. फक्त शेवटची ओळ आता लागू नाही, कारण ते वाचून दाखवून झाले आहे.

कलम ८. घर, पुन्हा.

दुसरे साक्षीदार म्हणून डॉक्टर सही करणार होते. काल कागद घेऊन आम्ही बसलो असताना धाकटी आत आली आणि म्हणाली, “डॉक्टर नकोत. मी करते सही.”

वकीलबाईंनी समजावले, “तुम्ही साक्षीदार झालात तर या कागदातून तुम्हाला काहीच घेता येणार नाही. घर तुमच्या नावानं लिहिलंय.”

“मला घ्यायचं नाहीच काही. सही करायची आहे.”

“घर हातचं जाईल तुमच्या.”

“जाऊ दे. माझं समोर आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “त्या वेळी तुझ्या कागदावर कोणीच नव्हतं. ह्या कागदावर मी असणार.”

मी म्हटले, “घर घे. सही कोणीही करेल.”

“कोणीही नको. म्हणून तर म्हणतेय.”

ती लहानपणापासून अशी आहे. सबब घर, मोरी व गॅलरीसह, भाचीला द्यावे. बँकेतली शिल्लकही तिलाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. तिला आज बोलावलेले नाही; रविवारी सांगेन. ती म्हणेल समथिंग वेंट राइट, आणि मी तिला बोलेन.

कलम ९. किरकोळ.

चष्मा डॉक्टरांना द्यावा, ते गरजूंना देतात. गॅलरीतली रोपे ज्याला पाणी घालायचे आठवेल त्याची. मी गेल्याचे कोणाला कळवायचे झाल्यास ‘वारल्याचे कळते’ असे लिहू नये. ‘ती मेली’ असे लिहावे. वाईट दिसले तरी चालेल.

हे सर्व मी माझ्या हाताने, जागेपणी लिहिले, वकीलबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवले, आणि ऐकताना मध्ये एकदा माझा डोळा लागला म्हणून ते पान पुन्हा वाचले. मजकूर माझा आहे. दोघी साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: वरचा मजला, खिडकीजवळची खोली
दिनांक: १९ मार्च २०२४, मंगळवार, दुपारी साडेचार

(सही) लिहून ठेवणारी, पत्रमावशी म्हणतात ती

साक्षीदार १ (सही)
वकील, राहणार तळमजला. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर, समजून-उमजून सही केली.

साक्षीदार २ (सही)
मी हिची धाकटी बहीण. हिने सही केली तेव्हा मी शेजारी पलंगावर बसले होते आणि डोळ्यांनी पाहिलं. नातं लिहायची गरज नाही असं वकीलबाई म्हणाल्या. तरी लिहिलं.